मुख्याध्यापकांचे त्वरण

नववी 'ब'ला त्वरण शिकवायचे राहिले होते असे नव्हे. विज्ञानाच्या बाईंनी ते पुन्हा पुन्हा शिकवले होते. राहिले होते ते नववी 'ब'चे शिकणे. चाचणीत 'त्वरण म्हणजे काय?' या प्रश्नाला निम्म्या वर्गाने 'घाई' असे उत्तर लिहिले होते आणि उरलेल्या निम्म्याने त्या निम्म्याचे बघून 'घायी'. 'चाल म्हणजे काय?' याखाली एकाने लिहिले होते, 'चाल बुद्धिबळात असते आणि शिक्षकांच्या खोलीत असते.' या उत्तराला गुण द्यावेत की नाही यावर बाई बराच वेळ विचार करत बसल्या होत्या.

त्याहून मोठे दुखणे एककांचे होते. वर्गाला आकडा सांगायची हौस होती, पण तो कशाचा हे सांगायचा कंटाळा होता.

"गाडीचा वेग किती?" बाई विचारत.

"वीस."

"वीस काय? वीस बटाटे?"

"हो बाई," असा मागच्या बाकावरून आवाज येई.

तो आवाज खांबाचा. वर्गाच्या शेवटी एक खांब होता आणि त्याला टेकून बसणाऱ्या मुलाला वर्षभरात हललेले कोणी पाहिले नव्हते, म्हणून त्याचेही नाव खांब पडले होते. बाईंना अख्ख्या वर्गात आधार काय तो पहिल्या बाकावरच्या दशांशचा. या मुलीला कोणी 'किती वाजले?' असे विचारत नसे, कारण ती सेकंदही सांगत असे.

अशात शिक्षणाधिकारी विज्ञानाची तपासणी करायला येणार असे कळले. मुलांना प्रत्यक्ष प्रश्न विचारणार, आणि उत्तरे आली नाहीत तर बाईंची बदली करणार, असेही कळले. बदलीची शाळा डोंगरापलीकडे होती. तिथे जायला एक बस होती, यायला तीही नव्हती. घरी सासूबाई पायाने अधू, नवरा फिरतीच्या नोकरीवर. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"मग आता काय करणार गं?" सासूबाईंनी विचारले.

"प्रयोग करून दाखवणार," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसलं की डोक्यात शिरतं."

"शिरायला डोकं उघडं पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. त्याही एकेकाळी शाळेत शिकवत होत्या.

प्रयोग साधा होता. चाकांची एक गाडी उतारावरून सोडायची. तिच्या मागे लाल शाईची बाटली उलटी टांगायची, आणि त्या बाटलीतून सेकंदाला एक थेंब जमिनीवर पडेल अशी सोय करायची. गाडीचा वेग वाढत गेला की थेंबांमधले अंतर वाढत जाणार. ते मीटरच्या काठीने मोजले की त्वरण हातात. लाल शाई बाईंकडे मुबलक होती, नववी 'ब'च्या वह्या तपासण्यासाठी ती घाऊक आणावी लागे. मीटरच्या काठ्या सुताराकडून कापून घेऊन प्रत्येक मुलाच्या हातात एकेक दिली. उतारही तयार होता. शाळेचा लांब व्हरांडा बांधणाऱ्याने सपाट म्हणून बांधला होता, पण एका टोकाला पाणी सांडले की दुसऱ्या टोकाच्या वर्गाला चपला उचलून ठेवाव्या लागत.

अडले ते गाडीपाशी. प्रयोगशाळेतल्या गाडीचे एक चाक कधीच हरवले होते. उरलेल्या तीन चाकांवर ती जागच्या जागी गोल फिरे. शाळेत धड चाके एकाच वस्तूला होती, आणि ती वस्तू म्हणजे मुख्याध्यापकांची नवी खुर्ची.

"खुर्ची?" मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आपोआप घट्ट झाले. "माझी?"

"एका तासापुरती, सर. पुसून परत आणून देते."

"आणि तासभर मी काय करू?"

"उभे राहा, सर. किंवा एखादी फेरी मारा."

मुख्याध्यापकांनी दाराकडे पाहिले. दारात उपमुख्याध्यापक उभे होते. ते नेहमीच तिथे उभे असत. या खुर्चीवर बसायची त्यांची पाळी कितीतरी वर्षे येऊ घातली होती आणि येत नव्हती. मागे मुख्याध्यापक तापाने दोन दिवस घरी राहिले होते. परत येऊन बसले तर पाय जमिनीला टेकेनात. खुर्चीची उंची बदललेली होती. तेव्हापासून ते जेवणाचा डबाही खुर्चीतच उघडत.

"मी सांभाळतो ना इथलं, सर," उपमुख्याध्यापक प्रेमाने म्हणाले. "तुम्ही जाऊन या निवांत."

"तेच तर," मुख्याध्यापक पुटपुटले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "खुर्ची न्या. पण माझ्यासकट न्या."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे मी बसलेला असतानाच न्या. मी उठणार नाही. मुलांना काय, वजन असलेलं काहीतरी चाकांवर हवं आहे ना?"

बाईंनी क्षणभर विचार केला. वजनाने गाडी स्थिर राहते हे खरेच होते. "पण मग वर्गाला सांगताना, सर, तुम्हाला गतिमान वस्तू म्हणावं लागेल."

"मी वस्तू?"

"विज्ञानात सगळेच वस्तू असतात, सर. त्यात कमीपणा नाही. पृथ्वीसुद्धा वस्तूच आहे."

पृथ्वीच्या पंक्तीला बसवल्यावर मुख्याध्यापक जरा निवळले.

तपासणीच्या सकाळी, साहेब यायच्या आधी एकदा रंगीत तालीम करायची ठरली. मुख्याध्यापकांना खुर्चीसकट व्हरांड्याच्या वरच्या टोकाला आणले. चाकाखाली वीट लावली. पाठीमागे शाईची बाटली टांगली, आणि दशांशने बुचातला दोरा ओढून, सैल करून, पुन्हा ओढून, थेंब बरोबर सेकंदाला एक पडेल असे जमवले.

"वस्तूचं वस्तुमान सांगा, सर," ती वही काढून म्हणाली.

"सत्तर."

"सत्तर काय?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेले. त्यांनी जीभ चावली.

"सत्तर किलो."

दशांशने मुख्याध्यापकांकडे नुसते पाहिले. तिने लिहायला पेन टेकवले नाही.

"बरं, चौऱ्याऐंशी," मुख्याध्यापक म्हणाले.

व्हरांड्याच्या खालच्या टोकाला व्यायामाच्या तासाची जाड गादी दोन्ही हातांत धरून उपमुख्याध्यापकांना उभे केले होते. वस्तू आली की ती गादीवर झेलायची, एवढेच त्यांचे काम होते. ते त्यांनी स्वतःहून मागून घेतले होते.

"नीट ऐका," बाई वर्गाला म्हणाल्या. "एकदा वस्तू सुटली की तिला कुणी हात लावायचा नाही. बाहेरून बल लागलं की प्रयोग बिघडला. आणि वस्तू पूर्ण थांबेपर्यंत निरीक्षण सोडायचं नाही. कुणीही नाही. ती कुठंही जाऊ दे."

शेवटचे वाक्य त्या नुसत्या ओघात बोलून गेल्या होत्या.

"सर, तुम्ही पाय वर घ्या. पाय टेकला की घर्षण होतं."

मुख्याध्यापकांनी पाय वर घेतले. बाईंनी वीट काढली. ढकलले कोणीही नाही. हे सांगून ठेवलेले बरे, कारण नंतर गावात यावर बरीच चर्चा झाली.

खुर्ची आधी इतकी हळू निघाली की मुख्याध्यापकांना वाटले, आपण अजून तिथेच आहोत. मग बाजूच्या भिंती सरकू लागल्या. थेंब, थेंब, थेंब. मुख्याध्यापकांना बरे वाटू लागले. इतक्या वर्षांत शाळेची फेरी त्यांनी बसून कधी मारली नव्हती. आठवी 'अ'च्या दारावरून खुर्ची गेली तेव्हा मुले उभी राहिली आणि त्यांनी एका सुरात 'नमस्ते सर' म्हटले. मुख्याध्यापकांनी हात उंचावून ते स्वीकारले. आठवी 'ब'चे फक्त 'नमस्ते' झाले. सातवीचे नुसते 'न' झाले, आणि बाकीचे नमस्ते त्यांनी रिकाम्या व्हरांड्याला केले.

"बाई, हे वाढतंय," मुख्याध्यापक ओरडले.

"वाढायलाच हवं, सर," बाई मागून ओरडल्या. "पाय वर."

व्हरांडा संपत आला. उपमुख्याध्यापक गादी धरून उभे होते. समोरून चौऱ्याऐंशी किलो वस्तुमान येत होते आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. उपमुख्याध्यापकांनी एकदा वस्तूकडे पाहिले, एकदा तिच्याखालच्या खुर्चीकडे पाहिले, आणि अदबीने एक पाऊल बाजूला सरकले.

"सरांच्या वाटेत मी आजवर कधी आलो नाही," ते नंतर सगळ्यांना सांगत. "त्या दिवशीच कसा येणार?"

व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्या नव्हत्या, सामान चढवायचा उतरता रस्ता होता. त्यापुढे पटांगण, आणि पटांगणही खाली फाटकाकडे कललेले. फाटकात शिपाई उभा होता. त्याला सकाळीच बजावून ठेवले होते, 'साहेब येतील. फाटक सताड उघडं ठेव. चाकं दिसली की सलाम ठोक, मध्ये यायचं नाही.' शिपायाला चाके दिसली. ती आतून बाहेर जात होती, पण हुकमात दिशेबद्दल काही नव्हते. त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला. खुर्ची त्याच्या नाकासमोरून रस्त्यावर गेली.

"थांबव मला," मुख्याध्यापक म्हणाले.

"हो सर," शिपाई म्हणाला आणि सलामातला हात खाली घेतला. तोवर बोलायला समोर कोणी नव्हते.

शाळेसमोरचा रस्ता सरळ खाली बाजारात उतरतो. सकाळी त्यावर फारशी वर्दळ नसते, पण जी होती ती कडेला झाली. सायकलवरचा दूधवाला थोडा वेळ खुर्चीच्या बरोबरीने चालला. त्याने मुख्याध्यापकांना विचारले, "काय सर, नवीन घेतली?" आणि उत्तर मिळण्याआधी मागे पडला. मुख्याध्यापकांचे पाय अजून वरच होते. आता खाली टेकवले तर प्रयोगाचेच काय, पायांचेही खरे नव्हते.

भाजीच्या दुकानापाशी त्यांची बायको उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कोबी. तिने नवरा वरून बसून येताना पाहिला. लग्नाला इतकी वर्षे झाली होती की तिने कोबी खाली ठेवला नाही.

"अहो, कुठे निघालात?"

"खाली," मुख्याध्यापक म्हणाले.

"जेवायला येणार ना? कोबी घेऊ की वांगी?"

"काहीही," हा शब्द तिला उताराच्या टोकावरून ऐकू आला.

"घरी विचारलं तरी हेच सांगतात," ती भाजीवालीला म्हणाली. मग तिचे लक्ष रस्त्यावर गेले. नवरा ज्या वाटेने गेला होता त्या वाटेवर लाल थेंब पडले होते. कोबी तिच्या हातातून आत्ता सुटला.

त्या टोकाला रस्ता संपून बाजार लागतो, आणि बरोबर समोर गादीवाल्याचे दुकान आहे. दुकानाची फळी रस्त्याच्या पातळीला आणि दारातच पिंजलेल्या कापसाचा डोंगर. एक गादी चुकली होती, पण दुसऱ्या गादीचा कच्चा माल लागला. खुर्ची कापसात शिरली. कापूस वर उडाला, हवेत थोडा वेळ विचार करत राहिला आणि सावकाश खाली आला. मुख्याध्यापक दिसेनासे झाले. बाहेर फक्त एक चाक राहिले होते, ते फिरत होते.

गादीवाला हा मुख्याध्यापकांचा सख्खा मेहुणा. दोघांमध्ये दोन वर्षे बोलणे नव्हते. त्याने दिलेल्या गादीत गाठी आहेत, असे मुख्याध्यापक चारचौघांत बोलले होते, आणि गाठी गादीत नसून बसणाऱ्यात आहेत, असे मेहुणा आठचौघांत बोलला होता. आता त्याने फिरणारे चाक हाताने थांबवले आणि कापूस थोडा बाजूला केला. आतून चष्मा दिसला.

"भाऊजी," तो म्हणाला, "गादी बघायला आलात?"

"नाही."

"मग?"

मुख्याध्यापकांनी तोंडातला कापूस काढला. "विज्ञान."

 मेहुण्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मुख्याध्यापक उठायला गेले, तेवढ्यात दारातून धापा टाकत दशांश आत आली.

"उठू नका, सर. वस्तूचं शेवटचं स्थान मोजायचंय."

"अगं पण वस्तू थांबलीय आता."

"थांबली ते बरोबर आहे, सर. पण कुठे थांबली ते अजून मोजलेलं नाही."

तिच्या मागे सगळी नववी 'ब' रस्त्यावर उतरली होती. वस्तू पूर्ण थांबेपर्यंत निरीक्षण सोडायचे नाही असे बाईंनी सांगितले होते, आणि वर्षभरात बाईंनी सांगितलेले पहिल्यांदाच कोणाला तरी करावेसे वाटले होते. मुले रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती आणि एका लाल थेंबापासून दुसऱ्या लाल थेंबापर्यंत मीटरच्या काठ्या टोकाला टोक लावून मांडत होती. खांबही आला होता. तो पळालेला पाहून दोन मुले मोजायचे विसरली.

रस्ता बंद झाला. वरची वाहने वर थांबली, खालची खाली. एका रिक्षावाल्याने काठी ओलांडायचा प्रयत्न केला, तर चार मुले एकदम म्हणाली, "काका, शून्य हलेल." शून्य हलले तर नेमके काय होते ते रिक्षावाल्याला ठाऊक नव्हते, पण ते आपल्या हातून व्हायला नको म्हणून त्याने इंजिन बंद केले.

थांबलेल्या माणसांना काहीतरी कारण लागतेच. कारण तर समोर लाल पडले होते. शाळेच्या फाटकापासून गादीच्या दुकानापर्यंत थेंब, आणि थेंबांवर वाकलेली मुले. 'मुख्याध्यापक पडले' असे वर कोणी म्हणाले. ते खाली येईपर्यंत 'पाडले' झाले. बाजारात पोचले तेव्हा नववीच्या पोरांनी त्यांना काठ्यांनी मारले होते आणि ती काठ्यांसकट पकडली गेली होती.

थेंबांचा माग काढत हवालदार दुकानात शिरला. समोर कापसात कापसाचाच एक माणूस बसला होता. दाढी कापसाची, भुवया कापसाच्या, आणि छातीवर लाल डाग, कारण बाटली शेवटी पुढे उलटली होती.

"कुणी केलं हे?" हवालदाराने हळू आवाजात विचारले.

"नववी 'ब'," मुख्याध्यापक म्हणाले. मग घाईने म्हणाले, "तसं नाही हो. शाई आहे ती."

"घाबरू नका. माझ्यासमोर खरं बोला."

"अहो, माझं त्वरण मोजताहेत."

हवालदाराने मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने डोक्याला हात लावून 'मार लागलाय' अशी खूण केली. तेवढ्यात मुख्याध्यापकांची बायको आत आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग भावाकडे.

"तुम्ही दोघं बोलताय?" ती म्हणाली आणि मटकन गादीवर बसली. "मग नक्कीच काहीतरी भयंकर झालंय."

बाई दुकानाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या पायांत चप्पल एकच होती. वाटेतच त्यांच्या लक्षात आले होते की आता सगळे संपले. डोंगरापलीकडची शाळा त्यांना स्पष्ट दिसू लागली होती. सासूबाईंच्या औषधांची वेळ कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांनी धावता धावता सोडवून पाहिला होता आणि तो सुटला नव्हता. आता दारातच त्यांना एक अनोळखी गृहस्थ दिसले. चुरगळलेला कोट, काखेत कागदांची पिशवी. त्यांची गाडी बाजारात अडकली होती, म्हणून ते चालत आले होते. ते दुकानाच्या फळीवर उभे राहून वर रस्त्याकडे पाहत होते.

"मी शिक्षणाधिकारी," ते म्हणाले. "आज इथल्या शाळेची तपासणी आहे. मुख्याध्यापक कुठे भेटतील?"

 दशांशने कापसाकडे बोट दाखवले. "ते काय, साहेब. ती वस्तू."

"वस्तू?"

"गतिमान होती. सध्या विरामावस्थेत आहे."

कापसातून एक हात बाहेर आला आणि त्याने नमस्कार केला. साहेबांनी नमस्कार परत केला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बऱ्याच मुख्याध्यापकांनी बऱ्याच अवस्थांत नमस्कार केले होते. त्यांनी पुन्हा रस्त्याकडे पाहिले. वरून येणारे लाल थेंब फाटकाजवळ त्यातल्या त्यात जवळ होते. भाजीच्या दुकानापाशी ते दूर दूर झाले होते. खाली बाजाराशी दोन थेंबांच्या मध्ये आठ-आठ पोरे काठ्या जोडून बसली होती.

"हे थेंब असे लांब लांब का गेले?" साहेबांनी विचारले. साहेबांचा स्वतःचा विषय इतिहास होता. हे ते तपासणीत कोणाला सांगत नसत.

बाईंनी डोळे मिटून घेतले. प्रश्न ज्याच्याकडे बघून विचारला होता तो खांब होता.

खांबाने काठी टेकली. "साहेब, सर निघाले तेव्हा शांत होते," तो म्हणाला. "म्हणून थेंब जवळ जवळ. फाटकाशी जरा घाबरले. भाजीवालीपाशी त्याहून जास्त घाबरले. म्हणजे सर नुसते पळत नव्हते. दर सेकंदाला त्यांचं पळणं आणखी वाढत होतं. ते जितकं वाढत होतं ते त्वरण."

"किती होतं?"

खांबाने दशांशच्या वहीत डोकावले. "साधारण शून्य पूर्णांक दोन, साहेब."

 मुख्याध्यापकांनी श्वास रोखल्यामुळे कापूस हलायचा थांबला.

"मीटर प्रति सेकंद वर्ग," खांब म्हणाला. "घाबरण्याचं एकक वेगळं असेल, पण ते अजून शिकवलेलं नाही."

बाईंनी डोळे उघडले. त्यात पाणी होते. ते लपवायला त्यांनी पदर शोधला, आणि पदराला कापूस चिकटलेला असल्यामुळे आणखीच पाणी आले.

साहेबांनी मग सगळ्या वर्गाला प्रश्न विचारले. चाल आणि वेग यांत फरक काय? शाळेतून दुकानापर्यंत अंतर किती, आणि सर इथून परत शाळेत गेले तर विस्थापन किती? ('शून्य, साहेब, पण चढ आहे.') आणि खुर्ची शेवटी थांबली ती कशाने? ('सरांच्या मेहुण्याने,' एकजण म्हणाला. 'कापसाच्या विरोधी बलाने,' दशांशने दुरुस्त केले. मेहुण्याला दुसरे उत्तर जास्त आवडले.) तपासणी दुकानातच झाली. मेहुण्याने साहेबांना बसायला एक गादी दिली. साहेब बसले, जरा हलून पाहिले आणि म्हणाले, "गाठी नाहीत अजिबात." मुख्याध्यापकांनी मान खाली घातली.

इकडे शाळेत उपमुख्याध्यापक कार्यालयात उभे राहून साहेबांची वाट पाहत होते. आज कार्यालय पूर्ण त्यांचे होते. फक्त बसायला तिथे काही नव्हते.

साहेबांचा अहवाल पंधरा दिवसांत आला. विज्ञान इतक्या जिवंतपणे शिकवलेले आपण कुठेही पाहिले नाही, असे त्यात म्हटले होते. बाईंची बदली टळलीच, शिवाय नवी प्रयोगशाळा मंजूर झाली. विज्ञानासाठी स्वतःचा देह पणाला लावणारा मुख्याध्यापक एका शाळेत अडकून पडू नये, म्हणून मुख्याध्यापकांना बढती देऊन साहेबांच्या कार्यालयात घेतले. तिथे त्यांना लाकडी खुर्ची मिळाली. चार पायांची. त्यांनी ती आधी हलवून पाहिली आणि मग समाधानाने बसले.

आणि इतकी वर्षे दारात उभे असलेले उपमुख्याध्यापक मुख्याध्यापक झाले. कापूस झटकून परत आणलेली खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली, उंची आपल्या मापाची केली आणि सोमवारी सकाळी मुहूर्त काढल्यासारखे तिच्यावर बसले. दिवसभर ते उठले नाहीत. त्यांच्या जागी, ज्येष्ठतेने, उपमुख्याध्यापक म्हणून विज्ञानाच्या बाईंची नेमणूक झाली.

मंगळवारी परिपत्रक आले. सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्गाला त्वरणाचा प्रयोग स्वतः खुर्चीत बसून करून दाखवावा. प्रयोग झाला की नाही हे पाहायला अधिकारी कधीही, पूर्वसूचना न देता येतील. त्या वेळी मुख्याध्यापक खुर्चीत आढळल्यास प्रयोग तिथल्या तिथे घेण्यात येईल. वीट काढण्याची जबाबदारी उपमुख्याध्यापकांची राहील.

नव्या मुख्याध्यापकांनी परिपत्रक दोनदा वाचले आणि वर पाहिले. दारात बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे नववी 'ब' होती, काठ्या घेऊन.

त्या दिवसापासून कार्यालयात कोणीही गेले तरी मुख्याध्यापक चटकन उठून उभे राहतात आणि खुर्ची पुढे करतात. "बसा ना, बसा," म्हणतात. पालकांना म्हणतात, टपालवाल्याला म्हणतात, शिपायालाही म्हणतात. मग सगळा वेळ ते खिडकीशी उभ्यानेच सह्या करतात. मोठ्या पदावर गेल्यावर माणसे कशी फुगतात हे सगळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे इतका नम्र मुख्याध्यापक शाळेला पहिल्यांदाच लाभला, असे आता गावात बोलले जाते.